आभार कसे मानायचे विचारलंस म्हणून

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाण्याचा कार्यक्रम रंगला हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. एवढ्या मोठ्या शहरात ओळखपाळख नसताना लोकांनी इतकं केलं, त्यांचे आभार कसे मानू, असं विचारलंस. सगळ्यांना एकच 'मनःपूर्वक धन्यवाद' धाडू नकोस. कुणी नेमकं काय केलं ते आठव आणि तेच त्यांना लिही. त्यासाठी आज झोपण्याआधी वहीत नावं काढ आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिही. दोन दिवसांनी निम्मं आठवत नाही.

पहिलं काम तंबोऱ्यांचं, कारण ते उद्या परत द्यायचे आहेत. घामाचा हात लागला की पोलादी तारांवर गंज धरतो. म्हणून कोरड्या सुती फडक्याने एकेक तार खालपासून वरपर्यंत पुसून घे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर मात्र फडकं घासू नकोस, जवारी म्हणजे तारांची गुंजणारी झणक बिघडते. गाडीतून न्यायचे असतील तर तारा साधारण एक सूर उतरव. पार सैल सोडल्यास खुंटीवरचे वेढे निसटतात आणि घोडी जागची हलू शकते. उतरवताना जवारीसाठी तारांखाली घातलेले दोरे गळून पडले तर कागदाच्या पुडीत बांधून गवसणीच्या म्हणजे खोळीच्या खिशात ठेव. भोपळा कधीही टणक जमिनीवर टेकवायचा नाही, खाली जाड घडी हवीच. एवढ्याशा ठोक्यानेही त्याला तडा जातो आणि तो सांधला तरी आधीची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, परत येईल याची खात्री नसते. तार तुटली असेल तर त्याच जाडीची नवी घालून दे आणि तसं सांग. खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेची, खुंटी घसरत होती म्हणालीस. तिला खडू लावलाय, हेही मालकांना सांग. आपलं वाद्य पाहुणीच्या हाती कसं वागलं हे त्यांना कळायला हवं, आभाराच्या दहा वाक्यांपेक्षा त्यांना ते मोलाचं वाटेल.

तबलजींनी तुझ्यासाठी दोन तबले आणले होते. त्यामागचे कष्ट समजून घे. एक तबला दोन-तीन पट्ट्यांच्या, म्हणजे सुरांच्या उंचीच्या, पलीकडे नीट बोलत नाही. जास्त चढवला की पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, ताण येतो, जास्त उतरवला की नाद बसका होतो. म्हणून गाणाऱ्याची पट्टी पाहून वेगळा तबला उचलून आणावा लागतो. त्यात दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो आणि दिव्यांखाली तापली की चढतो. मध्यंतरानंतर ते हातोडी घेऊन तबल्याच्या बाजूचे लाकडी गट्टे ठोकत होते, ते त्यामुळेच. त्यांना लिहिताना हे लिही. पुढच्या वेळी पट्टी आठवडाभर आधी कळव, आणि वाद्यं निदान अर्धा तास आधी सभागृहात उघडून ठेवता येतील एवढा वेळ मागून घे. पेटीवाल्यांनी द्रुत म्हणजे जलद लयीत तुझ्या तानेमागे न धावता जागा सोडली, ती कुठली हे नाव घेऊन सांग. वादकाला असं नेमकं सांगणारं फार थोडं मिळतं.

साथीदारांचं मानधन आयोजकांकडून उशिरा येणार असेल तर तारीख आजच विचारून त्यांना कळव. त्यांना विचारायला लावणं बरं नव्हे. त्यांची नावं या वेळी तू शेवटची भैरवी झाल्यावर घेतलीस. तेव्हा अर्धे लोक उठलेले असतात. भैरवीच्या आधीच घ्यायची, आणि उच्चार ज्याचा त्यालाच विचारून कागदावर लिहून ठेवायचा.

ध्वनिव्यवस्थेवरच्या मुलाला विसरू नकोस. तुला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजत होती, त्याने मॉनिटरचा कोन बदलून ती घालवली. ती शिट्टी थांबली म्हणून तुला विलंबितात, म्हणजे संथ लयीत, शांतपणे बसता आलं. ध्वनिमुद्रण हाती आलं की तबला-पेटीवाल्यांना अख्खं पाठव, फक्त तुझ्या तानांचे तुकडे नको. कुठेही टाकण्याआधी त्यांची परवानगी घे, खाली त्यांची आणि छायाचित्रकाराची नावं घाल.

आयोजकांना तीन-चार दिवसांत पत्र जाऊ दे. प्रवासखर्चाच्या पावत्या वेगळ्या पाठव, पत्रात हिशेब नको. पुढच्या कार्यक्रमाची विचारणाही त्यात करू नकोस, नाहीतर आभार त्यासाठीच मानले असं होतं. ज्यांच्या घरी उतरलीस त्यांना पोचताक्षणी फोन कर. गुरुजींना तर केलाच असशील.

तंबोऱ्यावर बसलेल्या दोघींचं राहिलं. अडीच तास मांडी न बदलता, बोट न थकू देता त्या मागे बसल्या होत्या, आणि निवेदनात त्यांची नावंही आली नाहीत. त्यांतल्या एकीने बंदिशीचे शब्द विचारले होते ना? ते हाताने लिहून पाठव, अंतऱ्यासकट.

तुझी,
आई