दुसरी आज्ञा कोणती?

वास्को

चि. मनूस,
प्रभूमध्ये सलाम.

परवा तू मधेच फोन ठेवलास आणि मी रात्रभर जागा होतो. बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, तुला माहीतच आहे. म्हणून लिहायला बसलो.

आधी कुडतरीच्या, तुझ्या होणाऱ्या सासरच्या, त्या रविवारचं. त्यांनी आपलं काही कमी केलं नाही. आजीला तिखट सोसत नाही हे तू सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं, तिच्यासाठी वेगळी कढी केली होती. जेवण झाल्यावर आजीची नजर हॉलमधल्या आल्तारवर गेली. सायबिणीची, म्हणजे मारियेची, मूर्ती, मोगऱ्याची माळ, खाली तो लाल बल्ब. आजी पटकन म्हणाली, "दुसरी आज्ञा काय सांगते?" तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची आई शांतपणे म्हणाली, "देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये." "ती तिसरी!" आजीचा आवाज तू ऐकलासच. पुढे कोणी बोललं नाही. गाडीत आजी म्हणाली, ह्यांना दहा आज्ञासुद्धा येत नाहीत. मला वाटतं, आपली पाठ वळल्यावर त्या घरातही आपल्याबद्दल हेच बोलले असतील.

घरी येऊन मी शास्त्र उघडलं. बायबलातला निर्गमचा विसावा अध्याय. आज्ञा दहा आहेत, पण मूळ मजकुरात त्यांना आकडे नाहीत. मूर्तीबद्दलचं वचन आपली प्रोटेस्टंट मंडळी दुसरी आज्ञा म्हणून वेगळं मोजते. कॅथलिक लोक ते पहिल्यातच धरतात आणि शेवटी लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. दोघींनी लहानपणी पाठ केलेलं बरोबर म्हटलं होतं, मनू. आजीला मी हे दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि काही न बोलता पुस्तक मिटलं.

तिच्यावर रागावू नकोस. आपले लोक नगरकडचे, अमेरिकन मिशनमधले. माझ्या पणजोबांनी देवघरातले देव सोडले तेव्हा भावकी सुटली, जमिनीतला वाटा सुटला. मूर्ती सोडून बाहेर पडलेल्यांचं घर आहे आपलं. त्या घरात जन्मलेल्या बाईला आल्तारवरची माळ दिसली की पूर्वजांनी मोजलेली किंमत आठवते. म्हणून तर २०२४ साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं, शेजारच्या बायका बस करून निघाल्या, आजीसाठी जागाही धरली, तरी ती गेली नाही. आणि तुझ्या त्याच्या आईसाठी तोच आल्तार म्हणजे आजेसासूने सांभाळलेला, रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा घराचा कोपरा. दोघींचं खरं आहे. मला हे समजायला साठी उलटावी लागली.

आता एक गोष्ट, जी तुला अर्धीच माहीत आहे. १९८४ साली तुझ्या आत्याने वसईच्या कॅथलिक मुलाशी लग्न केलं. आजोबा गेले नाहीत. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, मला जाता आलं असतं. मीही गेलो नाही. नऊ वर्षं तिचं नाव घरात निघालं नाही. तिची पत्रं यायची, आजोबा न फोडता कपाटात ठेवायचे. ते गेल्यावर मी ती फोडली. एकात फक्त इतकंच होतं की मुलगा झाला, बाप्तिस्म्याला याल का. ते पत्र मी आत्याला कधी दाखवलं नाही. लाज वाटते.

तुझ्या लग्नाला मी येणार, हे पहिलं. पण तीन गोष्टी बोलून घे.

तुला पुन्हा बाप्तिस्मा देतील असं मावशी सगळ्यांना सांगत सुटली आहे. ते खोटं आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा ते मान्य करतात, आणि तुला कॅथलिक व्हायची सक्तीही नाही. बिशपची परवानगी मात्र लागते. त्यांना बरं वाटावं म्हणून मंडळी बदलू नकोस. मनापासून पटलं तर बदल, आणि मग मला तोंडावर सांग.

मुलांचं बोलायला तुम्ही दोघं टाळता आहात. पूर्वी दोन्ही बाजूंकडून वचन घ्यायचे. १९७० मध्ये पोप पौल सहावे यांनी नियम सैल केले. आता मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असा शब्द फक्त त्याने द्यायचा. तुझी सही लागत नाही, पण तो काय शब्द देतोय हे तुला कळवलं पाहिजे. तुझ्यावर बंधन नाही खरं, तरी तो शब्द तुझ्याच घरात राहायला येणार. मूल रविवारी कुठे जाणार, रात्री त्याच्यापाशी प्रार्थना कोण करणार, कोणती करणार, हे आत्ता बोला. पाळणा हलल्यावर नको.

तिसरं, प्रभुभोजन. आपल्या मेजावर पाळक त्याला नको म्हणणार नाहीत, पण त्याची चर्च त्याला घेऊ देत नाही. त्यांच्या मिसमध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, तुलाही सहसा मिळणार नाही. लग्नाच्या दिवशी नवरा उठून पुढे जाईल आणि नवरी जागेवर बसून राहील, हे मला बघवणार नाही. मिसशिवाय, नुसतं शास्त्रवाचन आणि लग्नविधी, असंही त्यांच्यात करता येतं. पाद्रींना तेच विचार.

निबंधकाकडे नाव घालायला मी सोबत येतो. गोव्याच्या कायद्यात वेगळा करार केला नाही तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि करार करायचा तो लग्नाआधीच. याला अविश्वास समजू नका.

काल रात्री आजीने विचारलं, त्या बाईंना हे आज्ञांचं माहीत असेल का? मी म्हटलं, नसावं. तर म्हणाली, मग सांगायला हवं.

येत्या रविवारी उपासना झाली की तिला घेऊन चार वाजेपर्यंत कुडतरीला पोचतो. तिला पायऱ्या चढवत नाहीत. बलकांवच्या, दारापुढच्या त्या ओट्याच्या, खालीच, फणसाच्या सावलीत एक खुर्ची ठेवायला सांग.

तुझा,
बाबा