रंग शेवटी, आधी चुंबक लावून बघा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या गाडीची कॅम्पर व्हॅन, म्हंजे आत झोपायची सोय असलेली सहलीची गाडी, कशी करायची यावर अर्धं पान दिलं. फोटो एक नंबर होता, निळी-पांढरी गाडी, वर उचललेलं छत, मागे सूर्य आणि बोनेटवर चहाचा कप. पण खालचा मजकूर वाचला आणि मला काही राहवेना. स्वस्तातली जुनी गाडी घ्या, छत कापा, वर उघडणारं झाकण बसवा, आतून प्लाय मारा, झकास रंग द्या आणि सुटा सातपुड्यात. एवढ्यात होत असतं तर माझी तीन वर्षं आणि घरच्यांचे टोमणे दोन्ही वाचले असते हो.

मी अमळनेरचा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी भरतो. २०२२ च्या उन्हाळ्यात धरणगावकडे कापसाच्या एका जिनिंग मिलच्या मागे पंप बघायला गेलो होतो, तिथे निंबाखाली ही उभी दिसली. १९९१ ची टेम्पो मॅटॅडोर, वर फायबरचं उघडणारं छत, चारही टायर बसलेले आणि आत कोंबड्या. पहिल्या मालकाने नवीन असतानाच बॉडीवाल्याकडून तशी बांधून घेतलेली, पुढे गाडी दोनतीन हातांतून फिरली आणि सहा वर्षं जागची हलली नव्हती. भाव ठरला, पैसे दिले, पण मालकाच्या आईने अट घातली, मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली आहे, "ती उठू दे, मंग गाडी लई जाय." म्हंजे एकवीस दिवस थांबलो. त्या एकवीस दिवसांत मी जर गाडी नीट तपासली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं, पण मी काय केलं, रंगाचे नमुने बघत बसलो.

आता मेन गोष्ट. गाडी ट्रकवर टाकून एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला दिली, नाव घेत नाही. अडीच महिन्यांनी घेऊन आलो तर गाडी नवरीसारखी चमकत होती, गल्लीतली पोरं सेल्फी काढायला यायची. पहिला पाऊस पडला आणि श्रावणापर्यंत दाराच्या खाली, मडगार्डच्या कडेला आणि छताच्या पन्हळीला फुगे आले. नखाने एक फुगा फोडला तर आतून लाल पाणी. मग डोक्यात आलं आणि दुकानातून स्पीकरचं जुनं चुंबक आणलं, फडक्यात गुंडाळून (नाहीतर रंगावर ओरखडे पडतात) गाडीच्या अंगावरून फिरवत गेलो. बोनेटला घट्ट चिकटलं, दाराला वरच्या बाजूला चिकटलं, खाली आणलं तसं हाताला सैल लागायला लागलं आणि चाकाच्या वर आलं तर टप्पकन खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता. गंजलेलं भोक, त्यात कोंबलेली जाळी आणि वर अर्धा इंच जाड लांबी (म्हंजे पुट्टी), वर मग तो झकास रंग. चुंबकाने अशा अकरा जागा सापडल्या, सगळ्यांवर खडूने गोल केले तर गाडीला देवी आल्यासारखी दिसायला लागली.

म्हणून तुमच्या वाचकांना सांगतो, जुनी गाडी बघायला जाताना रंगाचं कार्ड नको, खिशात चुंबक आणि हातात एक स्क्रू ड्रायव्हर ठेवा. पायाखालचं मॅटिंग उचलून बघा, पन्हळीत बोट फिरवा, जॅकची जागा ठोकून बघा. आवाज टणटण आला तर पत्रा, भदभद आला तर पुढच्या घरी जा.

नंतर गाडी पारोळ्याच्या एका मिस्तरींकडे नेली. त्यांनी सगळा रंग खरवडला, सडका पत्रा कापून नवीन जोडला, त्याला गंज रोखणारं रेडऑक्साइड आणि खालून डांबरासारखं कोटिंग. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून कोणी छापत पण नाही. पण खरी मजा तर पुढेच आहे. गाडीचं सरकणारं दार नीट लागतच नव्हतं, रोलर बदलले, पट्टी बदलली तरी वरच्या कोपऱ्यात बोटभर फट. मिस्तरींनी छत उघडून आत डोकं घातलं, कापलेल्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, या गाडीले छत नही, नुसतं झाकन शे."

झालं असं होतं की मूळ बॉडीवाल्याने पत्र्याचं छत कापलं, मधल्या आडव्या पट्ट्या पण काढल्या आणि वर फायबरचं टोपडं बसवलं, पण कापलेल्या भोकाभोवती चौकटच दिली नाही. व्हॅनचं छत म्हणजे नुसता पावसाचा आडोसा नसतो, दोन्ही बाजूंच्या भिंती तेच धरून ठेवतं. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून खोकं पिळून बघा म्हणजे लगेच कळेल. पंचवीस वर्षं खड्ड्यांतून ती बॉडी पिळत होती, दारांच्या वरच्या कोपऱ्यांत केसासारख्या चिरा पडल्या होत्या. मिस्तरींनी आधी गाडी सपाट जागी घेतली, चारही बाजूंनी टेकू दिला, दारं लावून घेतली आणि मग दीड इंची चौकोनी पाइपची पूर्ण चौकट आतून बसवली. सलग वेल्डिंग मारलं की पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून एक टाका इकडे, एक टाका तिकडे, दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी दार एका बोटाने लागलं. तुमच्या लेखात "छत कापा" हे दोनच शब्द आहेत साहेब, आणि गावागावात पोरं व्हिडीओ बघून ओम्नीला ग्राइंडर लावायला बसलेलीच आहेत.

वरच्या फायबरला पण तडे होते. ते काम कूलरचे टब बनवणाऱ्याकडून करून घेतलं, मॅट आणि रेझिनचंच काम असतं ते. मे महिन्यात केलं ही चूक, आपल्याकडचं ऊन म्हंजे विचारूच नका, पहिल्या खेपेला हार्डनर नेहमीच्या मापाने टाकलं तर ब्रश मारायच्या आत डब्यातच दगड झाला. मग पहाटे पाचला उठून आणि हार्डनर कमी करून काम उरकलं.

झाकण उचलायला आधी स्प्रिंगा होत्या, त्या गेल्या होत्या, म्हणून डिकीला असतात तसे गॅसचे शॉकअप लावले. इथे एक गंमत कळली. शॉकअपमधला गॅस तापला की प्रेशर वाढतं, थंडीच्या पहाटेचे दहा अंश आणि उन्हाळ्यातल्या दुपारचे पंचेचाळीस यात जोर साधारण बारा टक्के वाढतो. त्यामुळे दुपारी खटका काढला की झाकण स्वतःच फटकन वर जातं (माझ्या मेव्हण्याचा चष्मा गेला त्यात) आणि डिसेंबरात पहाटे तेच झाकण खांद्याने ढकलावं लागतं. म्हणून आता खटक्यासोबत एक साधा पट्टा पण ठेवलाय, आधी पट्टा हातात धरायचा, मग खटका.

आणि आता ज्यांच्यासाठी मी खरं हे पत्र लिहायला बसलो ते. तुमच्या लेखात इंटिरियर डिझायनरचं नाव आहे, फोटोग्राफरचं आहे, पण उघडलेल्या छताच्या चारी बाजूंना जो कापडी पडदा असतो तो शिवणाऱ्याचा उल्लेख सुद्धा नाही. पॉप-टॉपचं, म्हंजे या उघडणाऱ्या छताचं, अर्धं आयुष्य त्या कापडात असतं हो. माझं कापड उंदरांनी खाल्लेलं, मी ऑनलाइन प्लॅस्टिक कोटिंगचं मागवलं, शिवून लावलं, पहिल्याच रात्री चौघं झोपलो आणि सकाळी गादी ओली. पाऊस नव्हता, आमचाच श्वास, कापडाला आतून घाम सुटलेला. मग कोणीतरी सावद्याच्या एका चाचांचं सांगितलं. केळीच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांची उमर गेली, आता ते काम पण कमीच राहिलंय. त्यांनी माझं प्लॅस्टिक बघितलं, बाजूला टाकलं आणि जाड सुती कॅनव्हास काढलं. म्हणाले, सूत श्वास घेतं. दोरा पण सुतीच, मेण ओढलेला, डबल घडी आणि डबल शिलाई. माझा प्रश्न होता की सुईची एवढी भोकं, पाणी येणार नाही का? त्यावर ते काही बोलले नाहीत, शिवलेला तुकडा बादलीवर बांधला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. थोडं झिरपलं. तो तुकडा वाळवला, परत ओतलं, परत वाळवला. तिसऱ्या वेळी पाणी वरच तळ्यासारखं थांबलं. सूत भिजलं की फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात, म्हणून नवीन कॅनव्हास दोनतीनदा भिजवून वाळवूनच वापरायचं. त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, पाऊस चालू असताना आतून कापडाला हात लावायचा नाही, जिथे हात लागेल तिथूनच गळतं, आणि ओलं असताना झाकण बंद करून गाडी तशीच सोडायची नाही, दोन दिवसांत बुरशी. दोन्ही मी एकेकदा करून बघितल्या, चाचांचं खरं आहे.

इंजिनचं थोडक्यात सांगतो, कारण त्याने मला सगळ्यात कमी त्रास दिला. मर्सिडीजच्या लायसन्सवर बनलेलं ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर, हीच जात ट्रॅक्स जीपमध्ये पण होती त्यामुळे काळी-पिवळी शेअर जीपांच्या कृपेने खान्देशात याचे फिटर आणि सामान दोन्ही मिळतं. फक्त एक, वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, पान्याने हाताने फिरवून बघा, टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, माझ्या टाकीत तर तळाला पाणी आणि काळा चिखल होता. ब्रेकचे होज आणि सिलिंडर डोळे झाकून बदला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी कितीही छान दिसली तरी आधी ते वाचा. आणि आत गॅसची शेगडी ठेवणार असाल तर तळाला जाळीचं भोक पाहिजेच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, वरची खिडकी उघडी आहे म्हणून निवांत झोपू नका.

कागदांचं तुमच्या लेखात अक्षर नाही, हे मला फार खटकलं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात, म्हंजे जे आरसीवर चढलंय त्यात फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण हेच ठासून सांगितलंय. माझं नशीब की पहिल्या मालकाने नोंदणीच्या वेळीच आरसीवर मोटर कॅरॅव्हॅन लिहून घेतलं होतं, तो एक शब्द नसता तर ही सगळी मेहनत अंगणातच राहिली असती. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी परत करायची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० ची ५,००० झाली होती, उशिराचा दंड वेगळा. काही मित्र म्हणाले व्हिंटेजमध्ये टाक. अरे बाबा, २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांच्या वर आणि मूळ रूपात लागते, नवीन नोंदणीला वीस हजार, आणि वर ती रोजच्या वापराला चालत नाही. आमची बिचारी अजून चौतीस-पस्तीसची.

हे परदेशी फॅड आहे असं पण लेखात एक वाक्य आहे. फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालिया नावाच्या कंपनीने ही उघडणारी छतं जर्मनीत गाजवली हे खरं. पण मॅटॅडोर हे नाव पण तिकडचंच, हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने १९४९ ला पहिली मॅटॅडोर काढली तेव्हा तिच्यात इंजिन फोक्सवॅगनचंच होतं. नंतर इकडे बजाज टेम्पोची मॅटॅडोर आली आणि आपण तिच्यात वऱ्हाडं कोंबली, कापूस भरला, सहली नेल्या. मग तिच्यावर ते छत आलं तर फॅड कसं, लांबच्या भावकीतलंच म्हणायचं.

मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा लांब नेली, दोंडाईचा, शहादा करत तोरणमाळ. सात पायरीच्या घाटात पूर्ण सेकंड गिअर, मागे जीपवाले हॉर्न मारताहेत, पण तापमानाचा काटा हलला नाही. रात्री यशवंत तलावाच्या अलीकडे एका ओळखीच्या घराच्या अंगणात विचारून गाडी लावली, छत उघडलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून नेलेला. पहाटे दव एवढं पडलं की कॅनव्हास बाहेरून ओलंचिंब, आणि आतून, आई शप्पथ, कोरडं. बायको म्हणाली, "अहो, चाचांना फोन लावा." लावला.

एकच काम अडलंय म्हणून शेवटी लिहितो. डाव्या बाजूच्या मागच्या खिडकीचं मूळ रबर बिडिंग कुठेच मिळत नाही, बाजारातलं लावलं तर कोपऱ्यात उचलतं आणि पाणी येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यात कोणाच्या खळ्यात, वाड्यात जुनी मॅटॅडोर सडत उभी असेल तर कृपया भंगारवाल्याला देण्याआधी तुमच्या कार्यालयात कळवावं, मी स्वतः येऊन खिडकी उतरवून घेईन, पैसे देईन, आणि आत कोंबडी बसलेली असेल तर थांबेन.

आपला,
एक वाचक, अमळनेर