‘सर्व्हर डाऊन’ हे कारण नाही, रिस्टार्टच्या आधी लॉग बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात महिन्या-दोन महिन्यांत एक तरी बातमी असतेच, अमुक ऑफिसात सर्व्हर डाऊन, दाखल्यासाठी रांग, लोकांना हेलपाटे. लोकांचे हाल नीट येतात, फोटो येतो, शेवटी अधिकाऱ्यांचं एक वाक्य येतं की तांत्रिक अडचण होती, आता सुरळीत आहे, आणि विषय तिथेच संपतो. मी गेली १६ वर्षं लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) सर्व्हर सांभाळायचं काम करतोय, आधी पुण्यात एका कंपनीत, आता सांगलीत स्वतःचं, आणि ते वाक्य वाचलं की दर वेळी जीव तुटतो, कारण अडचण नेमकी काय होती हे त्यात कुठेच नसतं. सर्व्हर डाऊन हे कारण नाहीये हो. कारण त्याच मशीनमधे कुठेतरी, लॉग नावाच्या नोंदवहीत, तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेलं असतं, फक्त कोणीतरी उघडून वाचायला पाहिजे. ते सोडून सगळीकडे एकच उपाय चालतो, रिस्टार्ट मारा.

मागच्या वर्षीचं सांगतो. जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलनं मला बोलावलं होतं, नाव सांगत नाही. तिथे दर आठ-नऊ दिवसांनी केसपेपरचं सॉफ्टवेअर बंद पडायचं. मी सकाळी साडेनऊला पोचलो तेव्हा बंदच होतं. ओपीडीच्या खिडकीसमोर पन्नास-साठ माणसं, सगळ्यात पुढे एक आजी, जतहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या, पिशवीत जुने रिपोर्ट. खिडकीतल्या ताई म्हणत होत्या, ‘आजी, सर्व्हर डाऊन आहे, बसा जरा.’ आजींनी विचारलं, ‘मग आज डॉक्टर न्हाईत व्हय?’ डॉक्टर आतच बसलेले होते, पण केसपेपर निघाल्याशिवाय आत सोडता येत नव्हतं, ताईंचाही नाइलाज.

सर्व्हरची खोली जिन्याखाली. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं आणि तिथला मुलगा फोनवर होता, पलीकडून सॉफ्टवेअरवाल्यांचा सपोर्ट सांगत होता, ‘सर एकदा रिस्टार्ट मारा ना, होतं चालू.’ आणि खरंच चालू होत होतं दर वेळी! तेच तर वाईट झालं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, दादा, दहा मिनिटं थांब, आज एकदाच थांब.

डेटाबेसच्या लॉगमधे शेवटची ओळ होती, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, म्हणजे डिस्कवर जागा नाही. किती जागा उरली ते सांगणारी डीएफ कमांड दिली तर २०० जीबीचं पार्टिशन (डिस्कचा भाग), १०० टक्के भरलेलं. मग डीयू कमांडनं एकेक फोल्डर मोजलं तर सगळ्या फाईलींची बेरीज जेमतेम ३८ जीबी. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. २०० जीबीत ३८ जीबीच्या फाईली आणि शिल्लक शून्य, हे कसं? त्यातले ५ टक्के म्हणजे १० जीबी रूट यूजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या अ‍ॅडमिनसाठी, राखून ठेवलेले असतात, ईएक्सटी४ फाईल सिस्टीममधे (फाईली साठवायच्या पद्धतीत) मुळातच तशी सोय असते, म्हणून तर रूटनं माझं काम चालत होतं आणि डेटाबेसला मात्र एक ओळ लिहिता येत नव्हती. पण ते सोडलं तरी दीडशे जीबीचा हिशोब लागत नव्हता.

हे जरा समजावून सांगतो, कारण ह्यात भले भले फसतात. लिनक्समधे, म्हणजे सगळ्याच युनिक्स घराण्यात, फाईल डिलीट केली की फक्त तिचं नाव फोल्डरमधून जातं. चालू असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमनं ती फाईल उघडून धरलेली असेल तर जागा काही सुटत नाही, प्रोग्रॅम त्यात लिहीतही राहतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं पण माणूस अजून जमीन कसतोच आहे, तसला प्रकार. डीयू सातबारा बघून मोजतं आणि डीएफ प्रत्यक्ष रानात जाऊन मोजतं, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. असे आकडे जुळले नाहीत की समजायचं, नाव गेलंय पण ताबा सुटलेला नाही. तो ताबा कोणाकडे आहे हे एलएसओएफ कमांड सांगते. तिनं लगेच दाखवलं, दीडशे जीबीची एक लॉग फाईल, पुढे डिलीटेड असा शेरा, आणि धरून बसलेला प्रोग्रॅम म्हणजे ते केसपेपरचंच सॉफ्टवेअर. सात महिन्यांपूर्वी एक अपडेट टाकताना कोणीतरी डीबग लॉग, म्हणजे चुका शोधायला बारीकसारीक सगळं लिहिणारा लॉग, चालू केला आणि तो तसाच राहिला, मग प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) त्यात जायला लागली, दिवसाला सोळा-सतरा जीबी. दुसऱ्या कोणीतरी ही फाईल वाढतेय हे बघून रोज रात्री ती उडवणारी ओळ क्रॉनमधे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांच्या यादीत, टाकली. पहिल्याच रात्री नाव गेलं, प्रोग्रॅम मात्र त्याच बिननावाच्या फाईलीत लिहीत राहिला आणि नवव्या दिवशी डिस्क भरली.

आता रिस्टार्टनं काय होत होतं बघा. मशीन बंद झालं की प्रोग्रॅमही बंद, धरलेली फाईल सुटली, दीडशे जीबी मोकळे. परत चालू झाल्यावर कोणी तपासलं तरी डिस्क वीस टक्केच भरलेली दिसायची. म्हणजे ज्याला उपाय म्हणत होते तोच पुरावा पुसून टाकत होता, सात महिने. आणि तोवर सगळ्यांची समजूत पक्की झाली होती की मशीन जुनं झालं, नव्या सर्व्हरचं साडेचार लाखाचं कोटेशन ट्रस्टींच्या टेबलावर येऊन पडलं होतं. आम्ही डीबग बंद केला, क्रॉनमधली ती ओळ काढली, जुने लॉग बाजूला काढणारं लॉगरोटेट नीट लावलं, म्हणजे फाईल बदलली की प्रोग्रॅमलाही नवीन फाईल उघडायला सांगितलं जातं, आणि तेवढी एकच सर्व्हिस रिस्टार्ट केली, अख्खं मशीन नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी आजींचा केसपेपर निघाला. नवीन सर्व्हर आजतागायत घ्यावा लागलेला नाही.

म्हणून माझी सगळ्या ऑफिसांना, पतसंस्थांना, शाळा-कॉलेजांना कळकळीची विनंती आहे की बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं बघा. फार मोठी विद्या लागत नाही. लोड, म्हणजे किती कामं चालू किंवा खोळंबलेली आहेत, ते अपटाइम कमांड सांगते, मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे तीन आकडे, ते चढते आहेत की उतरते एवढं कळलं तरी खूप. आणि लिनक्समधे एक गोष्ट लक्षात ठेवायची, लोडच्या आकड्यात नुसते सीपीयूसाठी थांबलेले प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) नसतात, डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेले, चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या टॉप कमांडमधे ज्यांच्यापुढे डी हे अक्षर दिसतं, तेही धरलेले असतात, त्यामुळे लोड भरपूर आणि सीपीयू निवांत असं दिसलं की संशय डिस्कवर घ्यायचा. रॅम संपली असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच एखादा मोठा प्रोग्रॅम मारून टाकतं, बऱ्याचदा तो डेटाबेसच असतो बिचारा, आणि तसं मारल्याची नोंद डीमेसेजमधे, म्हणजे कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या कमांडमधे, स्वच्छ ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून असते. जागा असून फाईल बनत नसेल तर आयनोड (प्रत्येक फाईलीला एक लागणाऱ्या नोंदी) संपलेत का ते बघायचं, लाखो बारक्या सेशन फाईली साठल्या की होतं तसं. पण ह्यातलं बरंचसं रिस्टार्टनंतर बघायला उरत नाही. डीमेसेजचा बफर रॅममधे असतो, मशीन बंद झालं की पुसला जातो, आणि काही सिस्टीमवर जर्नल (सिस्टीमचा मुख्य लॉग) डिस्कवर ठेवायची सेटिंग केलेली नसते, तिथे तेही जातं.

समोर पेशंट थांबलेत, साहेब ओरडतायत, अशा वेळी दहा मिनिटंसुद्धा जड जातात हे मला माहिती आहे, मी त्या जागी उभा राहिलोय. तेव्हा निदान मोबाईलनं स्क्रीनचे चार फोटो काढा, टॉपचा, डीएफचा, डीमेसेजच्या शेवटच्या ओळींचा, आणि मग करा रिस्टार्ट. दोन मिनिटं लागतात.

बारीक गोष्टीकडे बघायची सवय किती मोलाची असते ह्याचं उदाहरण आमच्या क्षेत्रातच आहे. मार्च २०२४ मधे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला स्वतःच्या टेस्ट मशीनवर एसएसएच (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! लॉगिन होत होतं, काही बंद पडलं नव्हतं, तरी तो माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि शोधत शोधत एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीपर्यंत पोचला, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या व्हर्जनमधे कोणीतरी मुद्दाम चोरदार घालून ठेवलं होतं. २९ मार्चला त्यानं ते जाहीर केलं. मोठ्या लिनक्स सिस्टीमच्या पक्क्या आवृत्त्यांमधे ते पोचायच्या आतच सापडलं, नाहीतर जगभरच्या किती सर्व्हरना ते भोवलं असतं ह्या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट कारण उघड सांगण्याची. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रॅमरना कोड ठेवायला जागा देणाऱ्या गिटलॅब ह्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनिअरनं दोनपैकी चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं पण तोवर साधारण ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप बनतच नव्हता, डेटाबेस एका व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनचा, आणि तो फेल होतोय ह्याचे ईमेलसुद्धा कोणापर्यंत पोचत नव्हते. सहा तास आधी योगायोगानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून (डेटाच्या त्या क्षणीच्या नकलेवरून) त्यांनी सिस्टीम परत उभी केली, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण त्यांनी काय केलं, दुरुस्ती चालू असताना ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि नंतर काय चुकलं, का चुकलं, आता काय बदलतोय हे सगळं लिहून लोकांसमोर ठेवलं. त्या इंजिनिअरला बळी दिलं नाही. त्यांचं ते लिखाण वाचून मी त्याच आठवड्यात माझ्या प्रत्येक क्लायंटचा बॅकअप खरंच परत चढवता येतो का ते करून बघितलं होतं, दोन ठिकाणी येत नव्हता.

आपल्याकडे नियमही आहेत की. सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सरकारी संस्थांना आणि कंपन्यांना दोघांनाही लागू आहेत. सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, आणि घड्याळं एनआयसीच्या (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवायची असं त्यात स्पष्ट आहे. हे निर्देश सायबर हल्ल्यांसाठी आहेत हे खरं, पण रोजच्या बिघाडातही तोच लॉग आणि तेच घड्याळ कामाला येतं. त्या हॉस्पिटलमधे दोन सर्व्हरच्या घड्याळात ११ मिनिटांचा फरक होता, कुठली ओळ कुठल्या ओळीच्या आधीची हेच कळत नव्हतं, कागदावर वजाबाकी करत बसलो होतो. आणि सेंटओएस ७ ह्या लिनक्सच्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपलीय, त्याला आता सेंटओएसकडून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तरी मी जातो त्यातल्या अर्ध्या ठिकाणी तेच चालू आहे, हेही कोणीतरी मनावर घ्यायला पाहिजे.

संपादक महोदय, आपल्याकडून एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी सर्व्हर डाऊनची बातमी कराल तेव्हा वार्ताहरांना एवढं विचारायला सांगा की नक्की काय बंद पडलं होतं, का पडलं होतं आणि परत पडू नये म्हणून काय केलं. उत्तर आलं तर छापा, आणि ‘माहिती घेतो’ असं आलं तर तेही तसंच छापा, आणि आठवड्यानं परत विचारा. आमच्यासारख्यांनी सांगितलेलं ऑफिसात कोणी ऐकत नाही, पेपरात आलेलं ऐकतात.

त्या हॉस्पिटलमधल्या मुलानं आता सर्व्हरशेजारी एक शंभर पानी वही दोरीनं बांधून ठेवलीय, तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं. मागच्या महिन्यात सकाळी अकराला त्याचा फोन आला, ‘सर, स्लो झालंय, रिस्टार्ट नाही केलेला. लोड १४ दाखवतोय पण सीपीयू रिकामा आहे, चार प्रोसेस डीमधे अडकल्यात.’ मी म्हटलं डीमेसेज बघ. त्यानं फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं, आय-ओ एरर, एसडीबी, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर वाचता-लिहिता येत नाहीये. रेडमधल्या (एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय) दोन डिस्कपैकी एक निकामी होत चालली होती. ती रेडमधून बाजूला काढायला सांगितली, सर्व्हर एकाच डिस्कवर पळायला लागला, दीडला ओपीडी संपली आणि पावणेदोनला त्यानं नवी डिस्क घातली. मग वहीत तीन ओळी लिहिल्या आणि त्याचा फोटो मला पाठवला.

आपला,
एक वाचक (सिस्टीम अ‍ॅडमिन), सांगली