वाइंडिंग खात्यातल्या बायांची नोंद कुठे आहे?

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतला गिरणी कामगार चळवळीवरचा लेख वाचला. १९२८ चा सहा महिने चाललेला संप, लाल बावटा, १९८२ चा संप, सगळं मनापासून लिहिलं आहे. पण त्यात बाया दोनदाच भेटतात : खाणावळीच्या चुलीपाशी आणि मोर्चाच्या फोटोत. माझी आजी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तिच्या उजव्या हाताच्या बोटाला सुतानं पडलेली खाच म्हातारपणीही बुजली नव्हती. तुटलेला धागा पकडायचा, गाठ मारायची, सोडायचा, दिवसभर हेच. काम उक्तं, जितकं सूत तितका पगार. सूत कच्चं आलं की सारखं तुटायचं आणि कमाई घटायची ती हिची. वर नायकिणीची, म्हणजे बायांवरच्या मुकादमिणीची, मर्जी सांभाळायची ती वेगळीच. चांगलं सूत द्या, पाळणाघर द्या, बाळंतपणाची रजा द्या, अशा या बायांच्या मागण्या त्यांच्या कामातूनच आलेल्या होत्या. आणि १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती, म्हणजे हा आवाज काही थोडाथोडका नव्हता.

१९२८ च्या जुलैत गिरण्या संपानं बंद होत्या, तेव्हाच मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा चालली होती. डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. १९२९ मध्ये कायदा झाला : सात आठवडे, रोज आठ आणे. गिरणगावाच्या इतिहासात ही तारीख संपांच्या तारखांइतकीच ठळक हवी.

पुढचं लिहिताना वाईट वाटतं. रात्रपाळीला बायांना मनाई, पन्नासहून जास्त बाया असतील तर पाळणाघराची सक्ती, बाळंतपणाचा खर्च मालकावर. बाईसाठी केलेले हे नियम दाखवून मालकांनी बाईच ठेवायची टाळली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या पुढारी बायांमध्ये होत्या, तरी गिरणीतल्या बायांच्या नोकऱ्या जात असताना युनियननं पुरुषांच्या बदली कामासाठी (गैरहजर कामगाराच्या जागी मिळणाऱ्या कामासाठी) लावला तितका जोर इथे लावला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे अहमदाबादेत मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या युनियनच्या महिला शाखेतून १९७२ मध्ये इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही कष्टकरी बायांची संघटना उभी केली, आणि बायांची स्वतःची युनियन काय करू शकते ते दिसलं.

माझी विनंती एवढीच की, त्या खात्यांत काम केलेल्या बायांच्या मुलाखती आपण छापाव्यात. उशीर होतो आहे. आमच्या चाळीत अशा दोघी आहेत. एकीला आता ऐकू कमी येतं, पण नायकिणीचं नाव विचारलं की लगेच सांगते. आपला वार्ताहर आला तर मी स्वतः त्याला त्यांच्याकडे घेऊन जाईन.

– गिरणी कामगार बाईची नात, लालबाग