नोकरी मिळाली, आता ठेव मोडू नका

केम्निट्स (जर्मनी), १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरीची बातमी फोनवर सांगितली तेव्हा बाबा गप्प झाले आणि आईने "एवढे शिकायला गेलीस ती दुकानात माल लावायला का?" असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर घाईत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काम घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये आहे. आठवड्याला साधारण दहा तास, बहुधा संध्याकाळी पाच ते नऊ. रविवारी इथे दुकाने बंदच असतात. यंदाच्या किमान वेतनाप्रमाणे तासाला १२.८२ युरो मिळतात आणि यंदा महिन्याला ५५६ युरोंपर्यंतची नोकरी 'मिनीजॉब' धरली जात असल्याने पगारातून फारसे काही कापले जात नाही. तेवढ्यात माझ्या खोलीचे भाडे आणि किराणा दोन्ही भागतात.

अभ्यास मागे पडेल ही बाबांची काळजी मी समजू शकते, परंतु इथला कायदाच मला प्रमाणाबाहेर काम करू देत नाही. युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते (२०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा १२० आणि २४० होती), आणि माझी चार तासांची पाळी अर्धा दिवस म्हणून मोजली जाते. एका हॉटेलात मला कागदपत्रांशिवाय, रोखीने काम देऊ केले होते आणि पैसेही जास्त होते. पण त्यात पकडले गेल्यास राहण्याचा परवानाच धोक्यात येतो, म्हणून मी तिथे सरळ नकार दिला.

कामही कमीपणाचे नाही. दुधाचे खोके लावताना जुन्या तारखेचे पुढे ओढून नवे मागे ठेवायचे असतात, आणि ते चुकले तर दुसऱ्या दिवशी दूध फेकावे लागते. रिकाम्या बाटल्या परत घेणारे यंत्र मध्येच अडते. प्लॅस्टिकच्या एका बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, त्यामुळे पिशवीभर बाटल्या आणलेल्या आजोबांना, त्यांचे पैसे बुडणार नाहीत, हे जर्मनमध्ये समजावून सांगावे लागते. वर्गात वर्षभर शिकलेली भाषा माझ्या तोंडात बसली ती तिथे. पुढे कारखान्यात इंटर्नशिप हवी असेल तर हीच भाषा लागणार आहे. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळावी असाही माझा प्रयत्न चालू आहे, कारण ते तास वर सांगितलेल्या दिवसांच्या मर्यादेत धरले जात नाहीत.

बाबा, तुम्ही साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलात. श्रम करून शिकणाऱ्यांना कॉलेजची दारे उघडी व्हावीत म्हणून कर्मवीर अण्णांनी १९४७ साली ते सुरू केले, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. पहाटे शेताला पाणी देऊन तासाला बसल्याचे तुम्ही किती अभिमानाने सांगता! माझ्या संध्याकाळच्या पाळीकडेही तुम्ही त्याच नजरेने पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या दुसऱ्या वर्षासाठी मुदत ठेव मोडण्याचा तुमचा विचार असल्याचे दादाकडून कळले. परवाना वाढवताना महिन्याला ९९२ युरोंची सोय दाखवावी लागते हे खरे. पण त्यात नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्या विचारात घेतल्या जातात आणि उरलेली रक्कम शैक्षणिक कर्जाच्या पुढच्या हप्त्यातून भागेल. ती ठेव आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली आहे आणि तिला हात लावू नये, असे मला मनापासून वाटते. आई, जिना चढताना तू कठड्याला धरून थांबतेस हे मला ठाऊक आहे. दिवाळी झाली की डॉक्टरांकडून तारीख घे. बाबांनी या आठवड्यात बँकेत जाऊन ठेवीचे नूतनीकरण करावे आणि पावतीचा फोटो दादाला माझ्याकडे पाठवायला सांगावे.

तुमची लेक