पक्षाघातातून वाचलेल्या तरुणांना कला-उपचार वेळेत मिळू द्या: सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ठाणे व नवी मुंबईतील सरकारी आणि पालिका रुग्णालयांत तरुण पक्षाघात रुग्णांच्या पुनर्वसनात कला-उपचाराचा समावेश

महोदय,

पक्षाघाताचा झटका आल्यावर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असतं, हे आता ठाण्यातल्या रिक्षावाल्यालाही ऐकून माहीत आहे. पुढे डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ येते, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी'. ती कुठे, किती दिवस, कशासाठी, याचा उल्लेख नसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मांडणीही मुख्यतः रुग्ण दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. घरी गेल्यावरचे महिने कुटुंबाच्या पदरात पडतात.

रुग्ण पस्तिशीचा असेल तर हे महिने फार जड जातात. तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी काम करणारा, ऐरोलीत रात्रपाळी करणारा, कळव्यात शिकवण्या घेणारी, अशी ही माणसं आहेत. काहींना तंबाखू आणि न तपासलेल्या रक्तदाबामुळे झटका येतो, पण संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप, मानेतल्या धमनीला गेलेली चीर, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत झालेली गुठळी अशीही कारणं या वयात सापडतात. यांच्यापुढे अजून पंचवीस-तीस वर्षांची नोकरी असते, घरात लहान मूल असतं, डोक्यावर कर्ज असतं. सत्तरीच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायाम त्यांना पुरत नाही, आणि बरेच जण तो मधेच सोडून देतात.

आम्ही ठाणे-नवी मुंबईत पक्षाघात पुनर्वसनाचं काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार तज्ज्ञ आणि कला-उपचारक आहोत. आमची मागणी एकच आहे. ताल, गाणं, माती, रंग आणि अभिनय यांचा उपचार डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिला जावा, तो प्रशिक्षित माणसाने द्यावा, त्याचं मोजमाप व्हावं आणि तो झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हावा.

29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिनी रुग्णांची चित्रकला स्पर्धा भरवणं म्हणजे कला-उपचार नव्हे. कला-उपचारात काय असतं, ते थोडं तपशिलाने सांगतो.

चालण्यापासून सुरुवात करू. रुग्णाला दहा मीटर चालायला लावून त्याची मिनिटाला किती पावलं पडतात ते आधी मोजतात. समजा 64 पडली. मग मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) किंवा ढोलकीचा ठेका 64 वरच लावायचा, सुरुवातीला वेग वाढवायचा नाही. पावलं ठेक्यावर पडू लागली की 5 ते 10 टक्के, म्हणजे 67 ते 70 पर्यंत न्यायचं. पाय फरफटू लागला किंवा दुबळा हात कोपरातून जास्त आखडू लागला की लगेच मागे यायचं. ठेका कुठला घ्यायचा हेही महत्त्वाचं आहे. दर मात्रेला एक पाऊल धरलं तर केहरवा तालाच्या आठ मात्रांत पहिली आणि पाचवी मात्रा एकाच पावलावर येते, त्यामुळे जोर कायम एकाच पायावर ठेवता येतो. दादरा तालात सहा मात्रा तीन-तीनात विभागलेल्या असल्याने पहिली मात्रा डाव्या पावलावर पडली तर चौथी उजव्यावर जाते, आणि नवख्या रुग्णाचा गोंधळ उडतो. म्हणून दादरा पुढच्या टप्प्यासाठी ठेवायचा. उत्तम वादकाकडूनही इथे एक चूक होते. तो रुग्णाच्या पावलांना साथ द्यायला लागतो, आणि मग अडखळणाऱ्या पावलांबरोबर ठेकाही अडखळतो. इथे ठेक्याने रुग्णामागे जायचं नसतं, रुग्णाने ठेका धरायचा असतो. वादक कितीही तयारीचा असला तरी त्याला हे वेगळं शिकवावं लागतं.

वाचा गेलेल्यांबाबत यापेक्षा जास्त काळजी लागते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेला, बोललेलं बऱ्यापैकी समजणारा पण बोलता न येणारा रुग्ण पाठ असलेली आरती किंवा पाढे म्हणू शकतो. घरच्यांना वाटतं वाचा परत आली. पाठांतर आपोआप बाहेर येतं, पण 'पाणी हवं' हे त्याला तहान लागली तरी म्हणता येत नाही. त्यासाठी 1973 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मांडलेली, सुरावर बोलणं शिकवण्याची पद्धत वापरतात. वाक्य रोजच्या गरजेचं आणि छोटं निवडायचं. 'पा-णी-ह-वं' दोनच सुरांत बसवायचं, वर आणि खाली. मराठीत बोलताना जिथे आवाज लांबतो तिथे वरचा सूर ठेवायचा. उपचारक आधी ते गुणगुणतो आणि रुग्णाच्या डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप देववतो. मग दोघं मिळून म्हणतात. मग उपचारक अर्ध्यावर थांबतो आणि पुढचं रुग्ण एकटा म्हणतो. शेवटी 'काय हवं?' असं विचारून पाच-सहा सेकंद गप्प बसायचं. ही शांतता घरच्यांना सहन होत नाही, ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते. वाक्य जमलं की सूर हळूहळू सपाट करत साध्या बोलण्यावर आणायचा. भरभर पण निरर्थक बोलणाऱ्या, समोरच्याचं न समजणाऱ्या रुग्णाला ही पद्धत लागू पडत नाही. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे वाचा-उपचार तज्ज्ञानेच ठरवायला हवं.

कागद-रंगांचं कामही निदानाशी जोडलेलं असतं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावीकडचं जग लक्षातच येत नाही. घड्याळ काढायला सांगितलं की 1 ते 12 आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसवतात आणि डावा अर्धा कोरा राहतो. हेच रुग्ण रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी गाडी पाहत नाहीत. त्यांना ए-3 कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने टेबलावर बसवून देतात. डाव्या कडेला दोन बोटं रुंद लाल पट्टी लावतात, आणि प्रत्येक ओळ, प्रत्येक फटकारा त्या पट्टीपासून सुरू करायला सांगतात. पुढे पट्टी अरुंद करत नेतात, मग काढून टाकतात. ब्रशच्या दांड्याला फोमची नळी घालून तो तीन सेंटिमीटर जाड करतात, म्हणजे दुबळ्या पकडीतही राहतो.

शाडूची माती आपल्याकडे सहज मिळते, पण ती मऊ मळून द्यावी लागते. घट्ट गोळा दिला की आधीच आखडलेल्या मुठीला आणखी आवळायचीच सवय लागते. म्हणून साधारण 200 ग्रॅमचा मऊ गोळा, टेबल कोपराच्या उंचीचं, आणि काम उघड्या तळव्याने थापण्याचं, दोन्ही हातांनी वळी लाटण्याचं. दुबळा हात कधीही ओढून जागेवर ठेवायचा नाही. खांदा आधीच सैल झालेला असतो, तो निसटतो आणि मग दुखणं वाढतं. शिबिरातले हौशी स्वयंसेवक मदत म्हणून नेमकं हेच करतात.

पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. वाचा गेलेल्याला प्रश्नावली वाचून दाखवण्यात अर्थ नसतो, तिथे घरच्यांनी निरीक्षणावरून भरायची प्रश्नावली वापरावी लागते. गाणं सुरू असताना कुणी एकाएकी रडू किंवा हसू लागतं. पुष्कळदा तो मेंदूच्या इजेचा परिणाम असतो, मनातल्या दुःखाशी किंवा आनंदाशी त्याचा संबंध नसतोही. गट थांबवून सगळ्यांनी सांत्वनाला धावण्यापेक्षा थोडं थांबून हाताला दुसरं काम दिलं की तो आवेग ओसरतो. थकवाही खरा असतो. पाऊण तासाचं सत्र म्हणजे मधे दहा मिनिटांची विश्रांती धरून.

पुराव्याचं म्हणाल तर 2008 मध्ये फिनलंडमध्ये 60 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता, ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. मेंदूच्या इजेनंतरच्या संगीतोपचारावरच्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) तालावर चालण्याचा फायदा दिसला. चित्र आणि अभिनयासाठी पुरावा याहून कमी आहे. म्हणूनच आम्ही मोजमापाचा आग्रह धरतो.

आता आपल्या अखत्यारीतलं. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायदा, 2021 च्या अनुसूचीत कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांचा उल्लेख आहे. पदाला कायद्याने नाव दिलं आहे, रुग्णालयांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, त्याला जागा आपण द्यावी. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय थेट आपल्या विभागाचं आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं पालिका रुग्णालय त्या-त्या महापालिकेचं, तिथे शासन निर्णयाने मार्गदर्शक सूचना देता येतील. सुरुवातीला ठाण्यात एक आणि वाशीत एक केंद्र पुरेसं आहे. प्रत्येक ठिकाणी एक कला-उपचारक आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट पूर्णवेळ, वाचा-उपचार तज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस. गट सहा ते आठ जणांचा, वय 18 ते 50, आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. साहित्याला फारसे पैसे लागत नाहीत, खर्च माणसांच्या पगाराचा आहे आणि तो टाळून ही योजना चालणार नाही. खोली तळमजल्यावर, हात्यांच्या खुर्च्यांची, पाण्याच्या नळाची आणि शेजारी अपंगस्नेही स्वच्छतागृह असलेली हवी. सत्र दुपारी 12 नंतर ठेवावं, कारण सकाळच्या गर्दीत काठी घेऊन ठाणे स्थानकाचा पूल चढणं या रुग्णांना शक्य नाही.

सगळ्यात मोठी अडचण कागदपत्रांची आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 27 पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतं, कलम 29 मध्ये नृत्य आणि कलावर्गांचा उल्लेखही आहे. महापालिकांकडे दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधी असतो. पण त्याचा लाभ घ्यायला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं, आणि मेंदूच्या आजारातलं अपंगत्व सहा महिन्यांनंतर तपासलं जातं. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. म्हणजे कार्ड हातात येईपर्यंत उपचाराचा सर्वोत्तम काळ निघून गेलेला असतो. या केंद्रांतल्या प्रवेशासाठी डिस्चार्ज कार्ड आणि न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिशियनची चिठ्ठी पुरेशी मानावी, आणि त्यावर खर्च करायची मुभा राखीव निधीतून द्यावी, असा स्पष्ट शासन निर्णय हवा आहे.

बारा आठवड्यांच्या आधी आणि नंतर चार गोष्टी मोजाव्यात : दहा मीटर चालण्याचा वेळ, 60 सेकंदांत दुबळ्या हाताने एका खान्यातून दुसऱ्यात टाकलेले लाकडी ठोकळे, घरच्यांनी भरलेली नैराश्याची प्रश्नावली आणि रुग्ण कामावर किंवा घरच्या जबाबदाऱ्यांवर किती परतला याची नोंद. दोन्ही केंद्रांचे आकडे सहा महिन्यांनी जाहीर करावेत, वाईट असले तरी. उपचारकांच्या प्रशिक्षणासाठी आणि नोंदींचे तक्ते तयार करण्यासाठी आम्ही विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत. आपल्या विभागाने बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील पक्षाघात पुनर्वसन क्षेत्रातील उपचारक