आधी भोक, मग नक्षी

संपादक महोदय,

स्क्रोल सॉने (नक्षी कापायच्या बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीने) कोरलेल्या लाकडी नक्षीत इन्सर्ट, म्हणजे भोकात दाबून बसवायचे तयार छोटे घड्याळ, बसवताना बहुतेक चुका भोकापाशीच होतात. नक्षी आधी कापली, तर नाजूक पट्ट्या ड्रिलच्या धक्क्याने मोडतात. म्हणून फळी अखंड असतानाच, खाली टाकाऊ लाकूड घट्ट आवळून, फोर्स्टनर बिटने (रुंद, सपाट तळाचे भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) भोक पाडावे. सुमारे 36 मिमी तबकडीच्या इन्सर्टला बहुधा 35 मिमीचे भोक लागते. तरी माप तबकडीचे नव्हे, मागच्या भागाचे घ्यावे आणि आधी टाकाऊ तुकड्यावर बसवून पाहावे. पॉलिशचा थर भोकात उतरला की इन्सर्ट अडतो. तेव्हा कृपया ठोकू नका, काच तडकते! भोकाची आतली बाजू सँडपेपरने हलकी घासा. सैल बसल्यास टेपचा एक वेढा पुरतो. गोंद मात्र नकोच, सेल बदलायला घड्याळ बाहेर काढावे लागते.

– एक वाचक